फुलीकाकांचा शुल्कफलक

परिपत्रक अकरा पानांचं होतं आणि त्यातलं दहावं पान आलंच नव्हतं. नववं पान "छुपी शुल्के म्हणजे" इथवर येऊन संपत होतं आणि अकराव्याची सुरुवात "यांचा त्यात समावेश होणार नाही" अशी होती. मधे काय होतं ते मुख्य कार्यालयालाच ठाऊक. बाकीच्या पानांत मात्र दम भरला होता. यापुढे ग्राहकाला न सांगता एक पैसाही कापायचा नाही. सगळी शुल्कं सामान्य माणसाला कळतील अशा भाषेत फलकावर लिहून लावायची. शिवाय एका सामान्य ग्राहकाकडून "मी फलक वाचला व मला तो समजला" असा सहीचा दाखला घ्यायचा. शनिवारी तपासनीस येणार. हे सगळं आलं मंगळवारी दुपारी, डबा उघडा असताना.

"फुलीकाका, हे तुमच्याकडे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

बँकेत एखाद्याचं अक्षर चांगलं आहे असं एकदा ठरलं की त्याची सुटका नसते. सुट्टीच्या पाट्या, निरोपाची मानपत्रं, पंख्याखाली बसू नये अशी सूचना, सगळं त्याच्याच गळ्यात पडतं. काकांनी भाजीचा घास तसाच धरून परिपत्रकाकडे पाहिलं.

"आपल्या शाखेत छुपी शुल्कं आहेत का हो?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"नाहीत."

"कशावरून?"

"मला तरी कधी दिसली नाहीत."

मॅनेजरबाई विचारात पडल्या. "पण छुपी असली तर दिसणार कशी?"

"तेही खरंच."

"आणि दिसली, तर ती छुपी कशी?"

दोघंही थोडा वेळ डब्यातल्या भाजीकडे बघत राहिले. शेवटी दहाव्या पानावर याचा उलगडा असणार असं ठरलं आणि काकांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की एखादं पान मिळालं नसल्यास काय करायचं त्याची पद्धत परिपत्रकातच दिली आहे, दहावं पान बघा.

फुलीकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक कसब कमावलं होतं. कुठलाही फॉर्म समोर आला की पेन्सिल उचलायची, सहीच्या जागी झरझर बारीक फुल्या मारायच्या आणि कागद फिरवून ग्राहकापुढे सरकवत म्हणायचं, "इथे, इथे आणि इथे." सोळा पानांचा फॉर्म ते चाळीस सेकंदांत उरकत. ग्राहक दुवा देत, कारण आत काय छापलंय ते कुणालाच वाचावं लागत नसे. ग्राहकाला नाही आणि काकांना तर नाहीच. लोकांना इतकी सवय झाली होती की फुली नसेल तर त्यांचा हात अडे. एक गृहस्थ तर घरभाड्याचा करार घेऊन आले होते, बँकेचा काही संबंध नसताना, नुसत्या फुल्या मारून घ्यायला. काकांनी मारून दिल्या. त्यांना या कसबाचा अभिमान होता, आणि का नसावा?

बुधवारी त्यांनी शुल्कांची यादी काढायला घेतली. पाच-सहा असतील असा अंदाज होता. निघाली सव्वीस. खातं फार वापरलं म्हणून एक शुल्क होतं आणि अजिबात वापरलं नाही म्हणून दुसरं होतं. शिल्लक कमी झाली तर दंड होता, आणि तो दंड कापल्यामुळे शिल्लक आणखी कमी झाली तर त्याचा वेगळा. माणूस ज्या बँकेत बावीस वर्षं चहा प्यायला त्या बँकेविषयी त्याला इतकं कमी माहीत असावं, याचं काकांना स्वतःलाच नवल वाटलं. वाईट वाटलं असं नाही. वाईट वाटायला आधी समजावं लागतं, आणि सव्वीसपैकी वीस शुल्कं कशाबद्दल आहेत ते त्यांना समजलं नव्हतं.

संध्याकाळी यादी घरी आणली आणि तिथेच चूक झाली, कारण वरच्या मजल्यावर परंतुसाहेब राहतात. ते कोर्टातले निवृत्त कारकून. उभ्या जन्मात त्यांनी 'परंतु' न घालता वाक्य पुरं केलेलं नाही. काकांनी मोठ्या कष्टाने सोपं करून लिहिलेलं पहिलं वाक्य त्यांनी चष्मा चढवून वाचलं: "खात्यात पैसे कमी असतील तर दंड पडेल."

"चांगलं आहे," परंतुसाहेब म्हणाले. "परंतु कमी म्हणजे किती?"

काकांनी आकडा घातला.

"परंतु कोणत्या दिवशी? महिन्यात एक दिवस कमी असले आणि बाकी दिवस जास्त असले तर?"

काकांनी सरासरी घातली.

"परंतु खातेदार मयत असेल तर?"

"मयत माणूस फलक वाचायला येणार आहे का?" काकांची बायको आतून म्हणाली.

"वहिनी, वारस येतील ना," परंतुसाहेब म्हणाले आणि चहाची वाट बघत बसले. चहा झाला तेव्हा एका ओळीच्या साडेचार ओळी झाल्या होत्या, शिवाय वर एक तारा आणि खाली तळटीप. असे सव्वीस तारे झाले. जे समजायला सोपं करायचं होतं ते आता काकांना आपल्याच अक्षरात वाचता येत होतं, एवढाच काय तो फायदा.

गुरुवारी सकाळी पेंटर आला. तीन फूट बाय चार फुटांचा फलक ठरला होता. मजकूर बघून त्याने मान हलवली आणि सात फुटांची फळी आणवली. शुक्रवारी फलक घेऊन आला तेव्हा सोबत बिलही होतं, ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट.

"हे कशाचे?" काकांनी विचारलं.

"ताऱ्यांचे. ताऱ्याला पाच टोकं असतात."

"आणि हे?"

"बारीक अक्षराचे. बारीक अक्षराला ब्रश वेगळा लागतो, डोळ्याला त्रास होतो."

"अहो, पण हे आधी सांगायला नको का?"

"तुम्ही विचारलंच नाही, काका," पेंटर अगदी मायेने म्हणाला. काकांना वाटलं हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलं आहे. मग आठवलं की ऐकलं नव्हतं, काउंटरवर बसून बोललं होतं.

पण तो शुक्रवार. त्याआधी गुरुवारची संध्याकाळ होऊन गेली होती, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

दाखल्यासाठी सामान्य ग्राहक हवा होता. बँकेत नोकरी न करणारा, किमान तीन वर्षं खातं असलेला आणि शुक्रवारपर्यंत सही देणारा. काकांनी फार विचार केला नाही. सासूबाई मागच्याच गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहत. खातं काकांच्याच शाखेत होतं. शिवाय काका फुली मारतील तिथे त्या सही करत, हे अनुभवाने सिद्ध होतं. जवळचा नातेवाईक चालतो की नाही ते परिपत्रकात दिलं नव्हतं. बहुधा दहाव्या पानावर असावं.

सासूबाईंनी तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारचे लोक विजेची बिलं, दुकानाच्या पावत्या त्यांच्याकडून तपासून नेत. पायरीवर बसल्या बसल्या त्या तोंडी बेरीज करत आणि दुकानदाराच्या यंत्रात चूक निघे. पण दोन वर्षांपूर्वी हे सगळं बंद पडलं. त्यांनी स्वतःच बंद केलं. झालं असं की त्यांची घरची हिशोबाची वही आणि बँकेचं पासबुक जुळेना. पासबुक काकाच भरून आणत. शाखेतलं छपाईयंत्र एका ओळीवर दुसरी ओळ छापायचं, त्यामुळे तळाची शिल्लक सोडली तर बाकी सगळा काळा पट्टा दिसे. ती शिल्लक दर वेळी थोडी कमी.

त्यांनी काकांना विचारलंही होतं. काका तेव्हा घाईत होते. "आई, हातचा राहिला असेल," ते म्हणाले होते.

"पण दर तिमाहीला तेवढाच फरक येतो, जावईबापू. त्रेसष्ट. चुकते तीही एकाच आकड्याने?"

"तेच तर. एकच चूक पुन्हा पुन्हा होणं हे वयाचंच लक्षण. मनाला लावून घेऊ नका."

काका हे धीर देण्यासाठी बोलले होते. सासूबाईंनी ते मानलं, कारण जावई बँकेत होता. त्यानंतर कुणी बिल घेऊन आलं की त्या "आता डोकं चालत नाही हो" असं म्हणून परत पाठवू लागल्या.

गुरुवारी काका मसुदा घेऊन गेले तेव्हाही त्या तेच म्हणाल्या. "मला नका विचारू. आकडे बघितले की धडकी भरते."

"वाचायचंच नाहीये, आई," काका पेन्सिल काढत म्हणाले. "फक्त इथे..."

"दाखल्यावर 'वाचला' असं लिहिलंय."

"ते लिहायची पद्धत असते."

सासूबाईंनी पेन्सिलकडे पाहिलं, मग चष्मा पुसला. खोटं लिहिलेल्या कागदावर सही करायची त्यांना सवय नव्हती. त्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. काका घड्याळ बघत बसले. नवव्या शुल्कापाशी बोट थांबलं.

"संदेश-सेवा शुल्क, तिमाही अठरा. हे कुणाला?"

"बँकेचे संदेश मोबाईलवर मागवले असतील त्यांना."

"माझ्याकडे मोबाईल नाही."

"म्हणजे तुम्हाला नाही. पुढे चला."

बोट पुढे गेलं आणि सतराव्यापाशी पुन्हा थांबलं. "सुवर्ण-सोबत सुविधा, तिमाही पंचेचाळीस. यात काय मिळतं?"

काकांनी तळटीप वाचली. वर्षातून दोनदा विमानतळावरच्या विश्रांतीकक्षात मोफत बसता येतं, असं तिथे होतं. सासूबाई आयुष्यात विमानात बसल्या नव्हत्या. बसमध्येसुद्धा त्या पुढच्या दाराजवळ बसत. छताकडे बघून त्यांनी ओठ हलवले. काकांनी हे दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. सासूबाई तोंडी बेरीज करत होत्या.

"अठरा आणि पंचेचाळीस," त्या हळूच म्हणाल्या. "त्रेसष्ट."

मग त्या उठल्या आणि कपाटातून वही घेऊन आल्या. काकांनी ती वही कधी उघडून पाहिली नव्हती. सुबक निळ्या आकड्यांची पानं होती. दर तीन महिन्यांनी एक ओळ लाल शाईत: "फरक ६३. माझी चूक." पुन्हा पान उलटलं की "फरक ६३. माझी चूक." बाई शाळेत मुलांच्या वह्या तपासत तशीच आपली वही तपासत होत्या आणि स्वतःला नापास करत होत्या. बारा ओळी होत्या.

काकांनी वही मिटून परत दिली. "योगायोग असेल, आई," ते म्हणाले. "फॉर्म बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही."

"मला पैसे नकोत, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "चूक माझी होती का, एवढंच बघून सांगा."

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं, थोडं गाळून. बायकोने त्यांचा मोबाईल उचलला आणि जुने संदेश वर सरकवत गेली. काकांना बँकेचे दिवसाला दहा संदेश येत आणि ते त्यांच्याकडे न वाचताच दुर्लक्ष करत. त्यात दर तिमाहीला एक होता: "आपल्या खात्यातून संदेश-सेवेपोटी १८ रुपये वजा करण्यात आले आहेत." खालचा खाते क्रमांक सासूबाईंचा होता. म्हणजे पैसे कापल्याचं कळवण्यासाठी पैसे कापले जात होते, ते कापले सासूबाईंचे जात होते आणि कळवलं काकांना जात होतं. हे वाक्य काकांनी मनात तीनदा म्हणून पाहिलं तरी ते सरळ होईना.

"आईच्या फॉर्मवर तुमचा नंबर कुणी घातला?" बायकोने विचारलं.

"रकाना रिकामा राहत होता."

"अहो, आत्ताच्या आत्ता जाऊन तिला सांगा."

"सांगतो. फॉर्म बघू दे. योग्य वेळ बघून सांगतो," काका म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

शुक्रवारी त्यांनी फॉर्म शोधून काढला. तीन वर्षांपूर्वी खात्याचं नूतनीकरण झालं होतं तेव्हाचा. तेराव्या पानावर छापलं होतं, "मला खालील ऐच्छिक सेवा नको असल्यास मी इथे सही करणार नाही." आणि शेजारी सासूबाईंची वळणदार सही. सहीखालून पेन्सिलची फुली अजून डोकावत होती. पुसायचीही राहिली होती. काकांनी ते वाक्य चार वेळा वाचलं. नको असल्यास करणार नाही, म्हणजे केली तर हवी आहे. बावीस वर्षांत त्यांनी या ओळीशेजारी किती फुल्या मारल्या असतील याचा हिशोब ते करू लागले आणि घाबरून थांबले.

पैसे परत द्यायचे तर तक्रार अर्ज हवा. तक्रार अर्जात एक रकाना होता: चूक कुणाची? बँकेची, ग्राहकाची की त्रयस्थ व्यक्तीची? काका पेन हातात धरून बसले. फुली त्यांनी मारली म्हणून बँकेची म्हणावी, तर तेव्हा ते सुट्टीवर होते आणि फॉर्म घरी घेऊन गेले होते. जावई म्हणून पाहिलं तर ते ग्राहकाच्या बाजूचे. आणि फॉर्म नुसताच इकडून तिकडे नेणारा माणूस म्हणावं तर त्रयस्थ. तिन्ही ठिकाणी तेच उभे होते.

"आज काही लिहू नका हो," मॅनेजरबाई कळवळून म्हणाल्या. "उद्या तपासनीस यायचेत. त्यानंतर सावकाश बघू."

तेव्हा काकांनी मनाशी एक बेत केला आणि तो त्यांना फार उदात्त वाटला. बारा तिमाह्या, प्रत्येकी त्रेसष्ट, एकूण सातशे छप्पन्न. हे आपल्या खिशातून सासूबाईंच्या खात्यात गुपचूप भरायचे. नाव नको, गाव नको. बोलायचं कारणच उरत नाही. दुपारी त्यांनी रोख भरली, पावती फाडली आणि हलक्या मनाने चहा घेतला. पेंटर फलक घेऊन आला तो याच वेळी. बिलावरून हुज्जत झाल्यावर काका सहज म्हणून फलक वाचू लागले. क्रमांक चौदा त्यांनी स्वतः लिहिला होता, परंतुसाहेबांनी त्यावर तारा चढवला होता आणि पेंटरने त्या ताऱ्याचे पैसे घेतले होते. "दुसऱ्याच्या खात्यात रोख भरल्यास पंचवीस रुपये, ज्याच्या खात्यात भरले त्याच्याकडून." म्हणजे सासूबाईंच्या पासबुकात आता सातशे एकतीस वाढणार होते. कुठून आले, कुणी दिले, का कमी झाले, काहीच कळणार नव्हतं. काकांनी कपाळाला हात लावला. पण पैसे काढून घ्यायचे तर सासूबाईंची सही लागली असती.

शनिवारी फलक दरवाजा आणि काउंटर यांच्या मधल्या भिंतीवर चढला. सात फुटांचा असल्यामुळे त्याच्यामागे तक्रारपेटी पूर्ण झाकली गेली. कोपऱ्यातून तिचं कुलूप तेवढं दिसत होतं.

तपासनीस साडेदहाला आले. बारीक अंगाचा, दमलेला माणूस. त्यांनी फलकाकडे बघितलं, ताऱ्यांकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"तुमच्याकडे दहावं पान आहे का हो? ही आठवी शाखा. कुठेच मिळत नाही."

नाही म्हटल्यावर त्यांनी निमूटपणे तशी नोंद केली. मग ते दाखल्याकडे वळले, आणि दाखला कोरा होता. काका काहीतरी सांगणार इतक्यात दारातून सासूबाई आत आल्या. हातात पिशवी, पिशवीत वही. कुणाकडेही न बघता त्या पासबुकाच्या खिडकीशी गेल्या आणि तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतः पासबुक भरून घेतलं. मग फलकासमोर उभ्या राहून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागे रांगेतली माणसंही त्यांच्या बोटाबरोबर वाचू लागली.

"आजी, समजलं ना?" तपासनिसांनी मोठ्या आशेने विचारलं.

"नऊ आणि सतरा समजलं. बाकीची चोवीस नाही."

"ठीक आहे. म्हणजे काहीतरी समजलं."

"मला एक सांगाल का?" सासूबाईंनी पासबुक पुढे केलं. "काल माझ्या खात्यात सातशे छप्पन्न जमा झाले आणि पंचवीस वजा झाले. मी भरलेले नाहीत. कुणी भरले ते लिहिलेलं नाही. मी परवा रात्रभर त्रेसष्टचा ताळा मांडला, तो आत्ता कुठे बसला होता. आता हे सातशे एकतीस कुठले? की..." त्या थांबल्या. पिशवीतली वही काढून त्यांनी पासबुकाला लावून धरली. "की पुन्हा माझंच चुकतंय?"

काका काउंटरच्या आत होते. त्यांना वाटलं होतं पैसे परत गेले की प्रकरण मिटेल. या बाईला पैसे नकोच होते, हे त्यांना गुरुवारीच स्वच्छ सांगितलं गेलं होतं आणि त्यांनी ते ऐकूनही घेतलं होतं. त्यांना इतकी लाज वाटली की तपासनीस, मॅनेजरबाई, रांग, सगळं विसरून ते काउंटरची फळी उचलून बाहेर आले.

"तुमचं नाही चुकलं, आई," ते म्हणाले. "एकदाही नाही. बाराच्या बारा वेळा तुमचा हिशोब बरोबर होता. फुली मी मारली, न वाचता. मोबाईल नंबर माझा घातला. हातचा राहिला म्हणालो तेही उगाच, मी पासबुक उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. आणि हे सातशे छप्पन्न मीच भरले, तोंडाने सांगायची हिंमत नव्हती म्हणून."

रांगेतल्या एका गृहस्थाने आपलं पासबुक उघडलं. मग दुसऱ्याने उघडलं. मॅनेजरबाई हळूच खुर्चीत बसल्या.

सासूबाई बाकावर टेकल्या. त्यांनी पिशवीतून लाल पेन काढलं, वही उघडली आणि पहिली "माझी चूक" खोडली. पट्टी नव्हती, तरी रेघ सरळ आली. पान उलटून दुसरी खोडली. बारा ओळी खोडून होईपर्यंत तपासनीससुद्धा उभेच होते. शेवटची खोडल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि वहीच्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत काहीतरी लिहिलं. पानभर लिहिलं. तळाशी पेन्सिलने एक बारीक फुली मारली आणि वही फिरवून काकांपुढे सरकवली.

"इथे," त्या म्हणाल्या.

काकांनी पेन काढलं आणि झरकन सही केली.

"वाचलंत?"

"त्यात काय वाचायचं, आई? तुमच्यावर विश्वास आहे माझा."

"माझाही होता," सासूबाई म्हणाल्या आणि वही मिटून पिशवीत टाकली.

तपासनिसांनी अहवालात "ग्राहकजागृती उत्तम" असा शेरा दिला. दाखल्यावर सासूबाईंनी 'मला तो समजला' यातला 'तो' खोडून वर 'दोन शुल्के' असं लिहिलं आणि मगच सही केली. तेवढीही सही इतर सात शाखांना मिळाली नव्हती. दुपारपर्यंत रांगेतल्या एकोणीस जणांनी आपापले फॉर्म बघायला मागितले. तक्रारपेटी बाहेर काढण्यासाठी फलक दीड फूट सरकवावा लागला, आणि त्यासाठी आलेल्या पेंटरने सरकवण्याचे वेगळे पैसे घेतले. बँकेनेही पुढे सातशे छप्पन्न परत केले. त्यामुळे सासूबाईंच्या खात्यात काकांचे सातशे एकतीस उरले आणि ते काकांना परत करायला सोळा पानांचा फॉर्म निघाला. तो सासूबाईंनी पहिल्या पानापासून वाचायला घेतला आहे. सध्या त्या सहाव्या पानावर आहेत.

आपण वहीत कशावर सही केली ते काकांना रविवारी कळलं. दर रविवारी चार वाजता येऊन शेजाऱ्यांची बिलं तपासायला मदत करायची, तोंडी, यंत्र न वापरता. असे बारा तिमाह्या. तीन वर्षं. तळाला बारीक अक्षरात चहा स्वतः करून प्यावा असंही होतं.

पहिल्या रविवारी पायरीवर सात माणसं बिलं घेऊन बसली होती. सासूबाईंचे ओठ झरझर हलत होते. काकांच्या वाट्याला किराण्याची एक पावती आली. त्यांनी बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि उत्तर सांगितलं. सासूबाईंनी पावतीवर नुसती नजर टाकली.

"हातचा राहिला तुमचा, जावईबापू."

काकांनी मान खाली घालून पुन्हा बेरीज करायला घेतली. वयाचं मात्र त्या काही बोलल्या नाहीत.